चारशे सतरा : रिकामी

डॉक्टर महांतेश यांनी म्हशीला हात लावायचं कधी सोडलं, ते मी तारखेनिशी सांगू शकतो. दोन हजार आठ सालच्या जूनची दोन तारीख. त्या दिवशी आमच्या दूध संघाच्या पशुवैद्यकीय विभागात सहा डॉक्टरांना सहा मोबाईल वाटले. आमचे विभागप्रमुख गणपतराव यांनी प्रत्येक मोबाईलला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, पेढे दिले. पाच डॉक्टरांनी मोबाईल खिशात टाकला आणि पेढा तोंडात. महांतेश डॉक्टरांनी पेढा टेबलावर ठेवला आणि मोबाईल तळहातावर घेऊन त्याच्याकडे बघत उभे राहिले. मी रोज सकाळी लिंगपूजेला बसतो. इतकी एकाग्रता मला चोपन्नाव्या वर्षापर्यंत साधलेली नाही.

मी त्या विभागात कार्डं सांभाळायचो. एका जनावराला एक कार्ड, पिवळं, जाड, दोन्ही अंगांनी लिहिलेलं. कानातल्या बिल्ल्याचा नंबर, मालकाचं नाव, जात, शिंगं, अंगावरच्या खुणा, किती वेतं झाली, रेतन कधी, तपासणी कधी, गाभण की रिकामी. एकवीस वर्षं मी गावोगाव फिरून, गोठ्यात उकिडवा बसून ती लिहिली. चार मुलींनी आठ महिने बसून ती सगळी कॉम्प्युटरवर चढवली, आणि एके दिवशी कार्डांचे गठ्ठे बांधून माळ्यावर गेले. मला पाण्याच्या फिल्टरजवळ एक खुर्ची मिळाली. बसायला वाईट नव्हती.

मोबाईलमधलं ते सॉफ्टवेअर श्रेयस नावाच्या मुलानं केलं होतं. राजारामपुरीत राहणारा, जैन घरातला, इंजिनिअर, सूर्य मावळायच्या आत जेवायला घरी पळणारा. सॉफ्टवेअरचं नाव 'मोबाईल गोठा'. पहिल्या दिवशी त्यानं आम्हाला समोर बसवून शिकवलं.

"प्रत्येक म्हैस म्हणजे एक ऑब्जेक्ट," तो म्हणाला. "तिचा सगळा डेटा सर्व्हरवर साठवलेला. तुम्ही बिल्ल्याचा नंबर किंवा अख्ख्या गावाचं नाव टाकायचं आणि 'आणा' दाबायचं. मग तो डेटा मोबाईलमध्ये येतो. एकदा आला की रेंज नसली तरी दिसतो."

"म्हणजे म्हस मोबाईलमध्ये येते," एक डॉक्टर म्हणाले.

"तिची नोंद येते, सर."

"शेण पण येतंय का बघ. खत होईल."

सगळे हसले. महांतेश डॉक्टर हसले नाहीत. ते वहीत लिहून घेत होते. म्हशीला 'ऑब्जेक्ट' म्हणताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो, पण पोरगं गुणी होतं. माझ्या कार्डावरचे तेवीसच्या तेवीस रकाने त्यानं घेतले होते, एकसुद्धा गाळला नव्हता. फक्त मोबाईलचा पडदा काड्यापेटीएवढा. त्यावर तीनच ओळी मावायच्या. बिल्ला, मालक, अवस्था. बाकीच्या वीस बघायच्या तर 'तपशील' दाबून खालच्या बाणानं एकेक ओळ सरकवत जायचं.

"खाली जायला विसरू नका," श्रेयस म्हणाला. "वरच्या तीन ओळी म्हणजे नुसता मथळा आहे."

मला ते लगेच पटलं. बुवा अभंगाचं ध्रुपद म्हणून खाली बसला आणि बुक्का लावून घरी गेला, तर त्याला कोणी कीर्तन म्हणत नाही. निरूपण पुढं असतंय. पण महांतेश डॉक्टरांच्या वहीत तेवढं एक वाक्य उतरलं नसावं.

आधी हा माणूस बरा होता, हे सांगायला पाहिजे. गडहिंग्लजकडचा, हुशार, कामाला वाघ. खांद्यापर्यंत प्लास्टिकचा मोजा चढवून म्हशीच्या मागं उभा राहिला की गाभ कितव्या महिन्याचा ते बोटांनी सांगायचा. दिवसाला वीस जनावरं व्हायची आणि संध्याकाळी अंगाला वास यायचा. मोबाईल आला आणि त्यांना शोध लागला, की हात घातल्यावर जे कळतं ते आधीच लिहून ठेवलेलं आहे. मग हात कशाला घाण करा? जुलैपासून ते पांढरा शर्ट घालून शिबिराला जायला लागले. गाडीतून मोज्यांचं खोकं उतरवलं गेलं. दिवसाला साठ जनावरं होऊ लागली. गणपतरावांनी बैठकीत त्यांचं नाव घेतलं. ते ऐकून बाकीच्या पाच जणांनी आपापल्या बुटांकडे बघितलं.

ह्या शिबिरांत करायचं काय, तर ज्या म्हशी महिनोन्‌महिने रिकाम्या राहतात त्यांना माजावर आणायचं इंजेक्शन द्यायचं. इंजेक्शन चांगलं आहे. रिकाम्या म्हशीला दिलं तर चार दिवसांत माज येतो. गाभण म्हशीला दिलं तर चार दिवसांत गाभ पडतो. ह्याच्या अधेमधे काही नाही. म्हणून आधी हात घालून बघायचं असतं, आणि हे डॉक्टर लोकांना पहिल्या वर्षीच शिकवतात.

ऑगस्टमध्ये आजऱ्याकडच्या एका गावात शिबिर झालं. पाचव्या दिवशी बनाबाई नावाची बाई सकाळच्या एस.टी.नं कोल्हापुरात आली आणि आमच्या विभागातल्या बाकावर बसली. माझ्या खुर्चीच्या समोरच. मी तिला पाणी दिलं. तिनं तांब्या घेतला आणि तसाच धरून ठेवला.

महांतेश डॉक्टर आले, मोबाईल काढला, नंबर टाकला.

"मावशी, तुमची म्हैस रिकामी होती."

"चार म्हैन्याची गाभण हुती."

"नोंद तसं सांगत नाही."

"मी म्हंते की."

"तुम्ही म्हणता हो. पण हे बघा, अवस्था, रिकामी. रिकाम्या म्हशीचा गाभ पडेल कसा? दुसरं काही असेल. गाठ वगैरे."

बनाबाईनं तांब्या बाकावर ठेवला. मग सावकाश म्हणाली, "म्या माज्या हातानं पुरलं, डाक्टर. चार पाय हुतं त्याला."

डॉक्टरांनी मोबाईल पुन्हा एकदा बघितला. मी एकवीस वर्षांत त्या विभागात बरंच काही बघितलं, पण मेलेलं रेडकू खरं की पडद्यावरची ओळ खरी, हे ठरवायला पुन्हा पडद्यातच बघणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. मला राग यायला पाहिजे होता. राग यायला समोर माणूस लागतो. तिथं नुसता एक पांढरा शर्ट उभा होता.

श्रेयसनं दुपारी सगळं उलगडून दाखवलं. सर्व्हरवर त्या म्हशीच्या नावापुढं 'गाभण' अशी नोंद होती, दुसऱ्या एका डॉक्टरांनी जुलैमध्येच चढवलेली. पण डॉक्टरांच्या मोबाईलमध्ये जूनची जुनी प्रत पडून होती. त्यांनी एकदा 'आणा' दाबलं होतं, मग परत कधी दाबलंच नाही. रोज उघडून तीच प्रत बघत होते.

"सर, दर वेळी नवीन आणायला लागतं," श्रेयस म्हणाला. "साठवलेलं शिळं होतं."

"हे आधी सांगायचं," डॉक्टर म्हणाले.

"सांगितलं होतं, सर. तुम्ही लिहून घेतलंय."

बनाबाईला संघाकडून एक छापील पत्र गेलं. त्यात 'खेद' हा शब्द होता आणि तिच्या गावाचं नाव चुकलं होतं.

पुढचं शिबिर राधानगरीच्या वर, धरणाच्या पलीकडच्या अंगाला, गणपती उठल्यावर. आदल्या दिवशी गणपतरावांनी मला बोलावलं.

"गुरुसिद्धआण्णा, उद्या तुम्ही महांतेशबरोबर जा."

"मी जाऊन काय करू?"

"काय करायचं नाही. बघायचं."

"काय बघायचं?"

"ते मला माहीत असतं तर मी गेलो असतो की."

सकाळी नऊ वाजता विभागाच्या पायरीवर उभं राहून डॉक्टरांनी 'आणा' दाबलं. एकदा नाही, तीनदा. मला दाखवून. "बघा आण्णा. आजच्या तारखेची प्रत. आता कोणाची काही तक्रार नको." त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, जणू काही बनाबाईचं रेडकू परत उठून उभं राहिलं. मग आम्ही जीपमध्ये बसलो. राधानगरी सोडल्यावर रेंज गेली आणि ते स्वतःशी म्हणाले, "गेली तर गेली. सगळं आत आहे."

वाडी पंचवीस उंबऱ्यांची. पाऊस नुकता थांबला होता आणि वाटेत पोटरीभर चिखल, म्हणून जनावरं एका ठिकाणी गोळा करण्यापेक्षा गोठ्या-गोठ्यातून फिरायचं ठरलं. पहिलंच घर चिमणाबाईचं. नवरा पुण्याला कारखान्यात, घरात ती, सासू आणि दोन म्हशी. बाई चाळिशीची, उंच, कमरेला पदर खोचलेला. आम्हाला बघून म्हणाली, "या पावणं. च्या टाकू?"

"चहा नंतर," डॉक्टर म्हणाले. "चारशे सतरा नंबर कुठं आहे?"

बिल्ल्यावरचा आकडा लांबलचक असतो, बोलताना सगळे शेवटचे तीनच म्हणतात. डॉक्टरांनी गोठ्यात वाकून म्हशींचे कान बघितले. दोघींचेही कान रिकामे. फक्त भोकं, बुजत आलेली.

"बिल्ले कुठं गेले?"

"त्ये काय," चिमणाबाईनं भिंतीकडं हात केला. गव्हाणीच्या वर भिंतीत दोन खिळे होते आणि एकेका खिळ्याला एकेक पितळी बिल्ला लटकत होता. "हितं पावसाळ्यात कानाच्या भोकात किडं पडत्यात. म्हनून आमी पकडीनं काडतो आनी ज्या त्या म्हशीच्या जाग्याला अडकवतो. सगळी वाडीच आसं करती."

डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. शहाण्या माणसानं दुसऱ्या शहाण्याकडे बघून हसावं तसं. मला त्यांनी त्या पंक्तीत बसवलं ह्याची लाज वाटली. कारण हा रिवाज मला ठाऊक होता. त्या पट्ट्यात सगळीकडे आहे. पावसात कुजणाऱ्या कानापेक्षा खिळा बरा, एवढं त्या बायकांना कळत होतं आणि संघाला वीस वर्षांत कळलं नव्हतं.

डॉक्टरांनी उजवीकडच्या खिळ्यावरचा बिल्ला वाचला. चारशे सतरा. त्याच्या खाली एक म्हैस निवांत रवंथ करत उभी होती. त्यांनी मोबाईलमध्ये नोंद उघडली आणि मोठ्यानं वाचली, "चारशे सतरा. मालक बरोबर. अवस्था, रिकामी." आणि सुई काढायला पेटी उघडली.

"ती न्हवं, डाक्टर," चिमणाबाई म्हणाली. "ह्यी गाभण हाय. रिकामी हाय ती पल्याड."

"बिल्ला इथं आहे, बाई."

"बिल्ला हाय वो. म्हस पल्याडनं हिकडं आनलीया. त्या अंगाला कौल फुटलंय, पावसाचं पानी थेट पाठीव पडतंय. गाभणीला भिजवत ठेवू व्हय? म्हनून हिला हिकडं बांदली आनी रिकामीला तिकडं."

"आणि बिल्ले?"

"बिल्लं हाईत तितंच. त्यास्नी काय पाऊस लागतोय?"

दारात जमलेल्या बायका हसल्या. डॉक्टर हसले नाहीत. "बिल्ला जनावराचा असतो की जागेचा?" त्यांनी विचारलं.

"आमच्याकडं जाग्याला आसतोय. सांगितलं की तुमास्नी."

"बाई, मला हे सगळं माहीत आहे. विम्यासाठी बिल्ले बदलायचे, एकीचा कागद दुसरीला लावायचा. मी बारा वर्षं हेच बघतोय."

चिमणाबाईचा चेहरा बदलला. ती एक पाऊल पुढं आली आणि म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. "मी कशाला बदलू? मला रेडकू पायजे. मागल्या येताला रेडा झाला, म्हैन्यात गेला. आवंदा रेडी हुईल म्हनून मी जोतिबाला बोललीया. तुमी हिला सुई दिली की काय हुतंय त्ये मला ठावं हाय. आजऱ्याकडं झालं त्ये हितंवर आलंय."

आजऱ्याचं नाव निघाल्यावर डॉक्टरांचे कान लाल झाले. तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण वाडीतलं हे पहिलंच घर, दारात दहा-बारा बायका, मागं साठ जनावरांचा आकडा. शिवाय ह्या वेळी त्यांनी प्रत ताजी आणली होती. ताज्या प्रतीच्या जोरावर माणूस किती आंधळा होऊ शकतो, ते बघायला मला गणपतरावांनी पाठवलं असावं.

"गावातल्या प्रत्येक बाईला आपली म्हैस गाभण आहे असंच वाटतं," ते मला म्हणाले, तिला ऐकू जाईल असं. आणि बाटलीत सुई खुपसून औषध ओढायला लागले. त्यासाठी दोन्ही हात लागले, म्हणून मोबाईल त्यांनी गव्हाणीच्या कडेला ठेवला.

मी तो उचलला.

"आण्णा, ते ठेवा. नाजूक असतंय."

"म्हशीपेक्षा?"

मी 'तपशील' दाबलं आणि खालचा बाण. माझा अंगठा जाड, दोनदा भलतीकडे गेलो, पण सापडलं. मग मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. आवाज आपोआप मठातल्या कीर्तनाचा लागला, पेटीच्या साथीला लागतो तसा.

"जात, पंढरपुरी. रंग, काळा. शिंगं, मागं गेलेली, उजवं टोकाला चिरलेलं."

"आण्णा, तुमचं कीर्तन सोमवारी असतंय. आज गुरुवार आहे."

"ऐकणारं पाहिजे, वार कुठलाही चालतो. शेपटीचा गोंडा, पांढरा."

दारातल्या बायकांनी माना वाकड्या केल्या. समोरच्या म्हशीची शिंगं दोन्ही नितळ होती. चिमणाबाईनं शेपूट उचलून धरली. गोंडा काळाकुळकुळीत.

"मागचा डावा सड, बंद," मी वाचलं.

सासू इतका वेळ कोपऱ्यात बसून ऐकत होती. ती उठली, वाकली आणि चारी सडांतून एकेक धार जमिनीवर काढून दाखवली. मग पलीकडच्या म्हशीकडं गेली, तिची शेपूट धरून फिरवली. गोंडा पांढरा. भिजून मळला होता, पण पांढरा.

"आता?" मी म्हणालो.

डॉक्टरांच्या हातात भरलेली सुई होती. ते म्हणाले, "ह्या बाकीच्या रकान्यांचं काही खरं नसतं, आण्णा. कोणी तरी गोठ्यात बसून मनाला येईल ते लिहिलेलं असतं."

"दोन हजार चारचा मार्च," मी म्हणालो. "ह्याच गोठ्यात. तिथं, त्या पालथ्या पाटीवर बसून. कोणी तरी म्हणजे मी."

क्षणभर मला वाटलं की संपलं. पण शिकलेल्या माणसाचा हट्ट असा जात नाही. "मग तुमचीच चूक झाली असेल," ते म्हणाले. "त्या वेळी दोन कार्डांची अदलाबदल झाली असेल. अवस्था बरोबर, खुणा चुकीच्या. असं होऊ शकतं की नाही?"

"होऊ शकतं."

"मग?"

"मग काय. मी चुकलो असेन, बाई खोटं बोलत असेल, श्रेयसचं मशीन बिघडलं असेल. हात घाला. आत काय आहे त्याला आपल्या तिघांशी काही देणंघेणं नाही."

"मोजे नाहीत."

"खोकं तुम्हीच उतरवलंय."

चिमणाबाईनं आत जाऊन साबणाची वडी, गोडेतेलाची वाटी आणि पाण्याची बादली आणली आणि डॉक्टरांच्या पायाशी ठेवली. तेवढ्यात जर कोणी हसलं असतं तर डॉक्टर जीपकडे निघून गेले असते, अशी माझी खात्री आहे. पण कोणी हसलं नाही. त्यांनी सुई पेटीत ठेवली. घड्याळ काढून माझ्याकडे दिलं. पांढऱ्या शर्टाची बाही दुमडायला लागले, ती कोपराच्या वर जाईना, शेवटी शर्टच काढला. आतल्या बनियनला काखेत भोक होतं. मोबाईल येण्याआधीचं असावं.

त्यांनी हाताला तेल लावलं, म्हशीच्या मागं उभे राहिले आणि हात आत घातला. म्हैस एकदा सरकली. चिमणाबाई तिच्या गळ्याशी वाकून काहीतरी पुटपुटत होती, म्हशीशी की जोतिबाशी ते कळलं नाही. डॉक्टरांचे डोळे मिटलेले होते. जूनपासून मी त्यांना काहीच न बघता उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. त्यांचा खांदा सावकाश पुढं गेला, थांबला, थोडा वळला.

मग ते म्हणाले, "पाच महिने." थोड्या वेळानं, "पाच होऊन वर दहा-बारा दिवस."

चिमणाबाईनं डोळे पुसले. म्हशीच्याच कपाळावर तोंड टेकवून, म्हणून बाहेरच्यांना दिसलं नाही. मला दिसलं.

डॉक्टरांनी हात बाहेर काढला, खांद्यापर्यंत शेणानं हिरवा. आणि काय केलं असेल? डावा हात पुढं करून त्यांनी माझ्याकडून मोबाईल मागितला. मी दिला. तो बघत, शेणाचा हात अंगापासून लांब धरून, ते म्हणाले, "पण इथं तर रिकामी दाखवतंय."

"मग त्या मोबाईललाच द्या की सुई," चिमणाबाई म्हणाली.

आता मात्र बायका हसल्या. सासू तर पाटीवर बसून हसली. डॉक्टर उभे होते, बनियनवर, एक हात हिरवा, एका हातात पडदा. पडद्यावरचा उजेड आपोआप गेला. तो पुन्हा लावायला त्यांनी बटण दाबलं आणि मला त्यांच्याबद्दल जे काही थोडंफार चांगलं वाटत होतं तेही मावळलं.

त्या दिवशी वाडीतली बाकीची जनावरं हातानं झाली. डॉक्टरांना सुचलं म्हणून नाही. पुढच्या प्रत्येक दारात बादली, साबण आणि तेलाची वाटी आधीच येऊन थांबलेली होती. बातमी आमच्यापुढं चालत होती. सतरा झाली, साठ नाही. परतताना डॉक्टरांनी जीपच्या काचा खाली केल्या आणि वाटेत तीनदा हाताचा वास घेतला. माझ्याकडून घड्याळ परत घ्यायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी ते टेबलावर ठेवलं.

गणपतरावांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, दोनदा "अरेरे" म्हणाले आणि मोज्यांचं खोकं परत गाडीत चढवायचा हुकूम काढला. श्रेयसनं त्याच आठवड्यात खुणांचे रकाने वरच्या पडद्यावर आणले आणि ते एकदा बघितल्याशिवाय अवस्थेची ओळ दिसणार नाही अशी सोय केली. डॉक्टरांनी तक्रार केली की त्यामुळे प्रत्येक जनावरामागं अर्धं मिनिट वाढतं. बरोबर आहे. वाढतं.

माघात चिमणाबाईची म्हैस व्याली. रेडी झाली. वाडीतून पोराच्या हाती निरोप आला तेव्हा मी मठात होतो, कीर्तन नुकतं उत्तररंगाला लागलं होतं. मी उठून बाहेर आलो नाही, पण पुढचं काही नीट ऐकलंही नाही. पंधरा दिवसांनी महांतेश डॉक्टर फोटोवाल्याला घेऊन वाडीत गेल्याचं कानावर आलं. मला वाटलं, माणसाला पश्चात्ताप झाला. मी माणसांबद्दल असंच काहीतरी समजून बसतो.

उन्हाळ्यात संघाचा वार्षिक अहवाल आला. दरवर्षी सभासदांना घरपोच देतात. आत पूर्ण पानभर रंगीत फोटो होता. पांढऱ्या शर्टात डॉक्टर महांतेश, एका हातात मोबाईल, दुसरा हात रेडीच्या पाठीवर, बोटांची टोकं टेकतील न टेकतील इतका. खाली छापलं होतं, 'मोबाईल गोठा या आधुनिक प्रणालीमुळे वेळीच निदान होऊन वाचलेलं वासरू.' म्हशीच्या पोराला वासरू म्हणणाऱ्यांनी तो मजकूर लिहिला होता. फोटोच्या डाव्या कडेला एक कोपर आणि हिरव्या बांगड्या तेवढ्या आल्या होत्या, रेडीचं दावं धरलेल्या.

मे महिन्यात मी मुद्दाम वाडीवर गेलो. रेडी बघायला, दुसरं काही काम नव्हतं. चिमणाबाईनं चहा दिला आणि तो अहवाल आणून माझ्या मांडीवर ठेवला.

"वाचा की आण्णा. काय लिवलंय त्ये माज्या सासूला काय उमगंना."

मी वाचून दाखवलं. सासूनं ऐकलं आणि विचारलं, "ह्यात हात घाटल्याचं कुटं हाय?"

"ते नाही लिहिलेलं."

"आनी फुटक्या कौलाचं?"

"तेही नाही."

"मंग वाचलं कसं म्हंत्यात?"

"मोबाईलमुळं."

तिनं माझ्या मांडीवरचा अहवाल उचलून फोटो डोळ्यांजवळ धरला. मग मान हलवून म्हणाली, "किती सपाट तोंडाचा मानूस," आणि अहवाल चिमणाबाईकडं दिला.

बाहेर रेडी दाव्याला हिसके देत होती. दुधाची वेळ झाली होती. चिमणाबाई अहवाल खाली ठेवून तिला सोडायला गेली.